एका युनिटामागे किती पाणी?



मागच्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या सुटीत राळेगावकडच्या एका शेतकऱ्याने आम्हाला गाठले. वावर वर्धेच्या काठाला, पण शेती कोरडवाहू. त्याचा प्रश्न साधा होता. "भाऊ, औष्णिक केंद्रात कोळसा जळते हे समजलं. मग धरणातलं पाणी कायले लागते? पाणी जळते का तिथं?"

आजूबाजूचे हसले. आम्हीही हसलो. दोन-चार वाक्यांत काहीबाही उत्तर दिले. पण घरी परतताना एसटीत बसल्यावर लक्षात आले की त्याचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे पाहता आमचेही झालेले नव्हते. पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो, ठराव करतो, निवेदने देतो. पण ते पाणी कारखान्याच्या भिंतीआड गेल्यावर त्याचे नेमके काय होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

हे आम्ही उगाच लिहीत नाही. २०१० साली वर्धा नदीच्या पाणीवाटपाचा प्रश्न तापला होता, तेव्हा एका कार्यालयात आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. घोषणा भरपूर होत्या, आकडा एकही नव्हता. समोरच्या साहेबांनी एक तक्ता पुढे सरकवला. त्यात 'दलघमी' होते, 'विशिष्ट पाणीवापर' होता, टक्केवारी होती. "प्रकल्पाला एवढे पाणी तांत्रिकदृष्ट्या आवश्यकच आहे," असे ते म्हणाले. आमच्याकडे शेतीची पदवी, तरी आम्ही गप्प. खताच्या मात्रेवर तासभर बोललो असतो, पण या तक्त्यापुढे तोंड उघडता आले नाही. ज्याला हिशेब येत नाही, त्याला दुसऱ्याने मांडलेला हिशेब मान्य करावा लागतो. कापसाच्या काट्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच भोगले आहे.

म्हणून या अंकात तो तक्ता उघडायचा आहे. गणित चौथीचेच आहे. फक्त धीर धरून वाचा.

पाणी जळत नाही, उडून जाते

औष्णिक केंद्रात दोन वेगवेगळी पाणी असतात. पहिले बॉयलरमधले. ते अतिशय शुद्ध असते, त्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, मग ती वाफ पुन्हा पाणी होऊन बॉयलरमध्ये परत जाते. हे पाणी घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत राहते. त्यात खर्च फार थोडा.

दुसरे पाणी धरणातले. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे तर तिच्यातली उष्णता कोणीतरी काढून घेतली पाहिजे. ते काम ज्या यंत्रात होते त्याला कंडेन्सर म्हणतात. हजारो बारीक नळ्या. नळ्यांच्या आतून गार पाणी, बाहेरून वाफ. दोघांची गाठ पडत नाही, मधल्या भिंतीतून फक्त उष्णता जाते. अशा यंत्राला हीट एक्स्चेंजर, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण करणारे यंत्र, असे नाव आहे. नाव मोठे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. ट्रॅक्टरचा रेडिएटर हाच प्रकार. आत इंजिनचे तापलेले पाणी, बाहेर पंख्याचा वारा. मळणीच्या दिवसांत जाळीत भुसा अडकला की इंजिन तापते, हे कोणाला सांगायला नको.

कंडेन्सरमधून तापून निघालेले पाणी मग त्या उंच, कमरेत बारीक, पांढऱ्या धूरकट वाफा सोडणाऱ्या मनोऱ्यात नेतात. तो कूलिंग टॉवर. आपल्या घरचा कूलर आणि तो टॉवर यांत तत्त्वाचा काही फरक नाही. कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, वारा लागतो, थोडे पाणी उडून जाते आणि उरलेले गार होते. मे महिन्यात रात्रीतून टाकी रिकामी होते ती यामुळेच. टॉवरमध्येही पाणी असेच उडते. ते नदीत परत येत नाही, विहिरीत झिरपत नाही. ते गेले ते गेले.

आता हिशेब

खालचे आकडे आपल्याकडच्या साधारण जुन्या पद्धतीच्या कोळसा केंद्राचे, ठोकताळ्याचे आहेत. प्रत्येक केंद्राचे थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज चुकणार नाही.

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, हे शाळेत शिकलो आहोत. आता कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा ३६ भागाचीच वीज होते असे धरा. म्हणजे एका युनिटासाठी सुमारे २,३९० किलोकॅलरी जाळाव्या लागतात. त्यातल्या ८६० ची वीज झाली. सुमारे ३३० चिमणीतून आणि इतर वाटांनी गेल्या. उरल्या १,२००. त्या सगळ्या कंडेन्सरमध्ये येतात. म्हणजे जेवढी वीज मिळते, त्याच्या जवळजवळ दीडपट उष्णता फेकून द्यावी लागते. हा कोणाचा चोरटेपणा नाही, निसर्गाचा नियम आहे.

या १,२०० पैकी साधारण चार पंचमांश, म्हणजे ९६०, पाणी उडवून बाहेर जातात. बाकीच्या हवा तापवून जातात. एक लिटर पाणी उडायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ९६० ला ५८० ने भागा. उत्तर येते १.६६. म्हणजे एका युनिटामागे एक लिटर सहाशे साठ मिली पाणी आकाशात.

पण एवढ्यावर भागत नाही. पाणी उडते, क्षार मागे राहतात. ओलिताच्या चुनखडीच्या जमिनीत जे होते तेच टॉवरच्या हौदात होते. क्षार वाढले की ते पाणी थोडे थोडे काढून टाकावे लागते आणि नवे भरावे लागते. क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ दिले तर युनिटामागे ०.८३ लिटर फेकावे लागते. पाचपट होऊ दिले तर ०.४१ लिटरच फेकावे लागते. म्हणजे एकूण खर्च एका पद्धतीत अडीच लिटर, दुसऱ्या पद्धतीत दोन लिटर. वर राख वाहून नेणे, कोळशावर फवारणी, वसाहत आणि गळती. असे करत आकडा तीन, साडेतीन लिटरवर जातो.

राळेगावच्या भाऊला हे आमचे उत्तर: तुझ्या मोटरीने एक युनिट खाल्ले की कुठेतरी तीन-साडेतीन लिटर पाणी खर्ची पडले.

नळ्यांचे साडेचार एकर

आता यंत्राकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. हीट एक्स्चेंजरचे सूत्र एका ओळीचे आहे. किती उष्णता जाईल, हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: भिंतीचे क्षेत्रफळ किती, भिंत उष्णता किती सहज जाऊ देते, आणि दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक किती.

२७० मेगावॅटचा एक संच घ्या. तासाला २ लाख ७० हजार युनिटे. गुणिले १,२००, म्हणजे तासाला ३२ कोटी ४० लाख किलोकॅलरी कंडेन्सरमध्ये काढून घ्यायच्या. पाणी ३२ अंशांवर आत आले आणि ४२ वर बाहेर पडले, तर दर लिटरने १० किलोकॅलरी नेल्या. म्हणजे तासाला ३ कोटी २४ लाख लिटर, सेकंदाला ९,००० लिटर पाणी फिरवत ठेवावे लागते. खर्च होते ते याच्यातले थोडे. पण फिरते एवढे.

वाफ ४६ अंशांवर पाणी होते असे धरा. आत येताना पाण्याचा आणि वाफेचा फरक १४ अंश, बाहेर पडताना ४. आपण सरासरी काढू ९. पण ती चूक ठरते. सुरुवातीला फरक मोठा, म्हणून पाणी झपाट्याने तापते. पुढे फरक कमी कमी होतो, म्हणून तापणे मंदावते. पाण्याचा जास्त प्रवास कमी फरकात होतो. म्हणून इंजिनिअर लोक लॉगरिदमची सरासरी घेतात, ती ८ येते. चांगल्या, स्वच्छ नळीचा एक चौरस मीटर दर अंशामागे तासाला सुमारे २,१५० किलोकॅलरी जाऊ देतो. भागाकार केला की १८,८०० चौरस मीटर येतात. साडेचार एकरांहून जास्त! एका संचाच्या पोटात एवढ्या रानाइतका नळ्यांचा पत्रा असतो. आणि ८ ऐवजी ९ धरून यंत्र बांधले असते तर ते अर्ध्या एकराने तोकडे पडले असते.

आता या नळ्यांत आतून क्षाराचा थर बसला तर? डिझेल इंजिनच्या पाण्याच्या जागेत खाऱ्या विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे फिरवले की काय होते, ते आठवा. समजा थरामुळे नळ्यांची ताकद शेकडा २० ने घटली. उष्णता तर तेवढीच काढायची आहे. मग वाफेचे तापमान ४६ वरून ४८ च्या जवळ जाते. दोन अंश म्हणजे काही नाही असे वाटेल. पण वाफ जितकी गरम राहील तितका टर्बाइनच्या मागचा दाब वाढतो, आणि त्याच कोळशात वीज कमी निघते. कमी वीज म्हणजे एका युनिटामागे जास्त उष्णता फेकायची, आणि जास्त उष्णता म्हणजे पुन्हा जास्त पाणी. डवरणी वेळेवर न झालेल्या पिकासारखे एकात एक गुंतत जाते.

सांगायचा मुद्दा हा, की 'तांत्रिकदृष्ट्या आवश्यक' हा शब्द दगडावरची रेघ नाही. नळ्या घासल्या का, पाण्यावर प्रक्रिया केली का, क्षार तिप्पट धरले की पाचपट, यावर पाण्याची गरज ठरते. त्या दिवशी कार्यालयात आम्हाला एवढा एकच प्रश्न विचारता आला असता तर!

वर्धेच्या पाण्याचे गणित

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील औष्णिक प्रकल्पाला २००८ साली अप्पर वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दलघमी पाणी मंजूर झाले. तेव्हा प्रकल्प २,६४० मेगावॅटचा सांगितला होता. वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला असे धरले तरी हे पाणी युनिटामागे पावणेचार लिटरांहून जास्त पडते. पुढे प्रत्यक्षात पहिल्या टप्प्याचे १,३५० मेगावॅट उभे राहिले.

१,३५० मेगावॅटचे केंद्र शेकडा ८५ ताकदीने वर्षभर चालले तर सुमारे १,००५ कोटी युनिटे होतात. साडेतीन लिटरने गुणा: सुमारे ३५ दलघमी. आता हेच पाणी आपल्या भाषेत मांडू. एका एकरात पाच सेंटिमीटर पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागते. पाटात आणि पाटसऱ्यांत निम्मे मुरते असे धरून धरणातून चार लाख लिटर सोडा. म्हणजे ३५ दलघमीत सुमारे ८८,००० एकरांना एक पाणी, किंवा ४४,००० एकरांना दोन. सप्टेंबरअखेर पावसाने पाठ फिरवली आणि बोंड भरण्याच्या वेळी कपाशीला एक पाणी मिळाले, तर काय फरक पडतो ते आम्ही तुम्हाला शिकवायला नको.

आणि फक्त क्षार तिपटीऐवजी पाचपटीपर्यंत जाऊ देऊन फिरवले तर? युनिटामागे ०.४१ लिटर वाचते. वर्षाला चार दलघमींहून जास्त. दहा हजार एकरांना एक पाणी, नवे धरण न बांधता, एक एकर जमीन न बुडवता!

कोणी म्हणेल, अप्पर वर्धेचे लाभक्षेत्र अमरावती-वर्धा जिल्ह्यांत, यवतमाळचा काय संबंध? संबंध असा, की तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची शीव होऊन वाहते. वर अडवलेले आणि उडवलेले पाणी खाली येत नाही. आणि वाटपाचा नियम एका धरणापुरता नसतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ साली तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पण त्याच वर्षी नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून आधीच्या वाटपांना संरक्षणही दिले गेले. म्हणजे ताट वाढले आपल्यापुढे, पण घास आधीच उचललेला.

दुसरे मार्ग आहेत

आम्ही विजेच्या विरोधात नाही. आपल्या मोटरी विजेवरच चालतात, आणि रात्री दोन वाजता का होईना ती वीज येते तेव्हा आपणच टॉर्च घेऊन वावरात जातो. वीजही हवी आणि पाणीही हवे. मग मार्ग कोणते?

एक, सांडपाणी. कोराडीच्या केंद्राला नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दिले जाते. दिवसाला १३ कोटी लिटरची ती योजना आहे. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरावे असेच म्हटले आहे. नांदगाव पेठला अमरावती शहर उशाला आहे.

दोन, कोरडे थंडीकरण. म्हणजे कूलरऐवजी रेडिएटर. वाफ थेट पंख असलेल्या नळ्यांत नेऊन मोठ्या पंख्यांनी गार करायची. उडणारे पाणी जवळजवळ शून्य. दक्षिण आफ्रिकेत मटिंबा नावाचे सहा संचांचे, जवळपास ४,००० मेगावॅटचे केंद्र तिथल्या कोरड्या मुलखात याच पद्धतीवर चालते. आपल्या देशात झारखंडात नॉर्थ करणपुरा येथे ६६० मेगावॅटचे संच अशा पद्धतीने उभारले आहेत आणि त्यातला पहिला २०२३ पासून व्यापारी वीज देतो आहे.

याची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या तक्तेवाल्यांच्या पंगतीला बसू. हवा पाण्याइतकी उष्णता नेत नाही, म्हणून नळ्यांचे एकर कितीतरी वाढतात आणि भांडवल जास्त लागते. कूलर हवेच्या तापमानाखाली पाणी नेऊ शकतो. रेडिएटर नेऊ शकत नाही. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना हवा कोरडी असते, म्हणून कूलर चांगला चालतो. पण रेडिएटरला ४४ अंशांचाच वारा मिळतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात वीज घटते. एकंदर घट साधारण शेकडा ७ धरली जाते. युनिटामागे पावणेसातशे ग्रॅम कोळसा लागत असेल तर जवळपास ५० ग्रॅम जास्त लागेल. म्हणजे सौदा असा: ५० ग्रॅम कोळसा, की दोन लिटर पाणी? कोळसा आपल्या वणी भागात जमिनीखाली आहे. पाणी कुठे आहे ते दाखवा.

आणि पाण्यावर बसलेले केंद्र पाण्यावाचून बसते, हेही विसरू नये. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पाणीही गेले आणि वीजही गेली.

आपण काय मागायचे

७ डिसेंबर २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांसाठी युनिटामागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. २०१७ नंतरच्या केंद्रांसाठी आधी अडीच लिटर ठरवले होते, ते २०१८ मध्ये तीन केले. कायदा आहे. आता हिशेब मागणारा पाहिजे. जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा ठराव ठेवत आहोत:

१. विदर्भातल्या प्रत्येक औष्णिक केंद्राने दर महिन्याला किती युनिटे केली, धरणातून किती पाणी उचलले आणि युनिटामागे किती पडले, हे तीन आकडे मराठीत धरणाच्या कार्यालयाबाहेर फळ्यावर लिहावेत.

२. मंजूर पाणी आणि उचललेले पाणी यांतला फरक दरवर्षी जाहीर करून तो शेतीच्या खात्यात वर्ग करावा.

३. पाण्यातले क्षार किती पट होऊ दिले जातात आणि कंडेन्सरच्या नळ्या कधी साफ केल्या, याची नोंद तपासणीसाठी खुली ठेवावी.

४. शहराचे किती सांडपाणी वापरले हे सांगावे. जे वापरता येते ते वापरल्याशिवाय धरणाच्या नव्या पाण्याची मागणी मंजूर करू नये.

५. विदर्भात यापुढे कोळशाचे नवे केंद्र आलेच, तर आधी कोरड्या थंडीकरणाचा हिशेब लोकांपुढे मांडावा.

ठरावाला हात वर करण्याआधी प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. आम्ही कुठे चुकलो असू तर बैठकीत उभे राहून सांगावे. चूक सुधारून घेऊ, पण पाठ केलेला आकडा घेऊन साहेबापुढे जाऊ नका. समजलेला आकडा घेऊन जा. यंदा शिष्टमंडळात राळेगावच्या त्या भाऊला आम्ही पुढे बसवणार आहोत. तोच प्रश्न त्याने तिथेही विचारायचा: पाणी जळते का? आणि साहेब तक्ता पुढे सरकवतील, तेव्हा खिशातून आपला कागद काढायचा.